नील बेटावरचं हे रिसॉर्ट हनिमूनला घ्याच, फक्त त्यांचं हनिमून पॅकेज घेऊ नका

लग्न झाल्या झाल्या फेब्रुवारीत आम्ही इंदूरहून अंदमानला गेलो आणि मुक्काम मुख्यतः शहीद द्वीपवर, म्हणजे जुन्या नील बेटावर, ह्याच रिसॉर्टमध्ये केला. जरा सविस्तरच लिहिते, कारण जाण्याआधी मी मराठीत शोधत होते तेव्हा नीलबद्दल दोन ओळींपलीकडे काही सापडत नव्हतं आणि इंदूरचे एजंट लोक तर हॅवलॉक बेटाच्या पुढे बोलतच नाहीत.

आधी एजंटचंच सांगते. आमच्यासाठी त्याने जो प्लॅन काढला होता त्यात नीलला एकच दुपार होती, सकाळच्या फेरीबोटीने उतरा, काचेच्या तळाच्या बोटीतून फिरा, जेवा आणि संध्याकाळच्या फेरीने परत. बहुतेक पॅकेजं अशीच असतात, आणि मग लोक परत येऊन सांगतात की नीलला काही विशेष नाही हो. अहो पण राहिलातच नाही तर दिसणार काय! मी त्याला सरळ सांगितलं की पोर्ट ब्लेअरच्या रात्री कमी कर आणि त्या सगळ्या नीलला दे, तो म्हणाला मॅडम कंटाळाल, पण मी ऐकलं नाही आणि फार बरं झालं.

इंदूरहून सरळ विमान नाही, कोलकाता किंवा चेन्नईसारख्या ठिकाणी बदलावं लागतं. पोर्ट ब्लेअर शहराचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय पण रिक्षावाल्यापासून फेरीबोटवाल्यापर्यंत सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात. सेल्युलर जेल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, सासूबाईंनी निघताना बजावलं होतं की सावरकरांच्या कोठडीत डोकं टेकवून मगच समुद्रावर जायचं, आणि आम्ही तसंच केलं. ती कोठडी तिसऱ्या मजल्यावर आहे, जिना चढायची तयारी ठेवा.

नील पोर्ट ब्लेअरपासून साधारण ३६ किलोमीटर. प्रायव्हेट फेरी वेगात जाते पण सगळी बंद आणि एसी, आपल्या सीटवर बसून राहायचं. सरकारी बोट हळू जाते, तिकीट बरंच स्वस्त, आणि डेकवर उभं राहून वारा घेता येतो. आम्ही जाताना प्रायव्हेट आणि येताना सरकारी घेतली, मला सरकारीच आवडली. बोट लागत असेल तर उलटीची गोळी बसल्यावर नाही, बसायच्या आधी घ्या. आणि आधार कार्ड हातातल्या पर्समध्येच ठेवा, जेट्टीवर बघतात.

आता रिसॉर्ट. मोजकीच कॉटेजेस आहेत, नारळ-सुपारीच्या बागेत, बांबूच्या भिंती, वर पत्रा आणि त्यावर झावळ्या, समोर छोटा व्हरांडा आणि दोरीचा झोपाळा. स्विमिंग पूल नाही, स्पा नाही, रात्री डीजे नाही. बागेच्या टोकाला जंगली बदाम आणि केवड्यासारखी दिसणारी झाडं आहेत, ती ओलांडली की थेट वाळू. पहिल्या संध्याकाळी सामान टाकून आम्ही चहा मागवला आणि म्हटलं जरा आराम करू, सूर्यास्ताला निघू, तर रिसेप्शनवरचे दादा धावत आले की मॅडम आत्ताच निघा, साडेपाचच्या आत सूर्य जातो! हे इंदूरच्या माणसाला पटतच नाही. आपल्याकडे फेब्रुवारीत सव्वासहापर्यंत ऊन असतं. घड्याळ दोन्हीकडे एकच आहे पण ते ८२.५ अंश रेखांशाचं आहे, इंदूर साधारण ७६ अंशांवर आणि नील ९३ वर, म्हणजे १७ अंशांचा फरक, अंशाला ४ मिनिटं धरली तर तिथे सूर्य आपल्यापेक्षा तासाहून जास्त आधी येतो आणि जातो. तेव्हा नऊला उठायचं, अकराला नाश्ता, असं हनिमूनचं जे चित्र डोक्यात असतं ते इथे सोडून द्या, नाहीतर अर्धा दिवस हातचा गेला. आम्ही पाचला उठायचो आणि रात्री साडेआठला डोळे मिटायला लागायचे, आणि मनापासून सांगते, लग्नाच्या धावपळीनंतर अशी झोप कुठेच मिळाली नसती.

ह्या रिसॉर्टला मी पाच तारे देते ते कशासाठी तर रिसेप्शनच्या बाहेर टांगलेल्या एका काळ्या फळ्यासाठी. त्यावर रोज सकाळी खडूने भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेल्या असतात. वाचायला साधं वाटतं पण नीलवर सगळं त्याच्यावरच चालतं. तोच किनारा भरतीला पोहायचा असतो आणि ओहोटीला चालायचा, आणि वेळ चुकली तर ना धड पोहता येतं ना काही दिसतं. वेळा रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात, त्यामुळे कुणी चार दिवसांपूर्वी सांगितलेली वेळ तुमच्या कामाची नाही. त्यातून अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, भरती मोठी आणि ओहोटीला पाणी फार लांब मागे जातं. आम्ही नेमके माघी पौर्णिमेच्या आसपास होतो. कोकणातल्या माणसाला हे घरचंच असतं, पण आपण माळव्यातले, आपल्याला समुद्राचं वेळापत्रक कुणी शिकवलेलं नसतं. ते दादा फळ्यासमोर उभं राहून प्रत्येक जोडप्याला समजावून सांगतात, आज सकाळी भरतपूरच्या किनाऱ्यावर पोहा, दुपारी चारच्या आसपास लक्ष्मणपूर दोन ह्या किनाऱ्यावर जा, तिथून सूर्यास्ताला लक्ष्मणपूर एक. एवढंच ऐकायचं, दिवस आपोआप मस्त जातो.

लक्ष्मणपूर दोनला तो दगडी कमानीचा नैसर्गिक पूल आहे, लोक त्याला हावडा ब्रिज म्हणतात. बेटावर वस्ती मुख्यतः बंगाली, पूर्व बंगालातून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांना इथे वसवलं होतं, म्हणून पुलाचं नावही हावडा. बहुतेक लोक कमानीखाली फोटो काढतात आणि परत फिरतात. तुम्ही थांबा. ओहोटीला खडकांमधल्या खळग्यांत पाणी अडकून राहतं आणि त्या प्रत्येक खळग्यात काही ना काही चाललेलं असतं. गाईड भाऊ आमच्या पुढे चालत होते, एका जागी त्यांनी हाताने थांबवलं आणि खाली बघायला सांगितलं. परातीएवढ्या डबक्यात एक मोठा शिंपला दगडात रुतून बसलेला, तोंड अर्धवट उघडं आणि त्याच्या आतल्या मऊ कडा गर्द निळ्या, त्यावर हिरवे ठिपके. भाऊंची सावली त्याच्यावर पडली तशी ती कड आत ओढली गेली आणि तोंड जरासं मिटलं, सावली हटल्यावर हळूहळू परत उघडलं. मी तिथे उकिडवी बसून किती वेळ बघत होते मला माहीत नाही, नवरा दोनदा हाका मारून गेला. आणखी शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे, काळ्या समुद्रकाकड्या, म्हणजे काकडीसारखे दिसणारे मऊ जीव, खडकाला चिकटून डोलणाऱ्या समुद्रफुलांच्या भुजांमधले केशरी-पांढरे मासे. गाईडचे पैसे द्या, कुरकुर करू नका, त्यांच्याशिवाय ह्यातलं काहीही दिसणार नाही. पायात घट्ट बसणारे जुने बूट घाला, चप्पल निसटते. आणि वाळूवरच पाय ठेवा, प्रवाळावर नाही, तो दगड दिसतो पण जिवंत असतो. मेलेला प्रवाळ किंवा शंख उचलून आणायचा तर विचारही करू नका, कायद्याने बंदी आहे आणि विमानतळावर बॅगेतून काढून घेतात.

भरतपूरचा किनारा जेट्टीच्या शेजारीच आहे त्यामुळे दिवसाच्या ट्रिपवाल्यांची सगळी गर्दी तिथेच, स्कूटर बोटी, आरडाओरडा. सकाळी फेरीच्या आधी जा, पाणी इतकं स्वच्छ आणि उथळ आहे की ज्याला पोहता येत नाही त्यालाही भीती वाटत नाही. काचेच्या बोटीतून मात्र फार अपेक्षा ठेवू नका, २०१० मध्ये समुद्राचं पाणी तापून अंदमानातला बराच प्रवाळ पांढरा पडून मेला, आणि ते पाण्याखाली दिसतं. बघून वाईट वाटतं. पण जे जिवंत आहे ते तरी जपावं असं मला फार वाटतं, म्हणून वरचं बूट आणि वाळूचं पुन्हा वाचा.

सूर्योदय सीतापूरच्या किनाऱ्यावर. बेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाचेक किलोमीटर, आम्ही रिसॉर्टच्या सायकली घेतल्या, रस्ता भाताच्या आणि भाजीच्या शेतांमधून जातो. अंदमानला भाजी पुरवणारं बेट म्हणून नील ओळखलं जातं आणि ते ताटात कळतं! मी शाकाहारी, मला वाटलं होतं आठवडाभर वरणभातावर राहावं लागणार, पण वांग्याची काचरी, ताजा लाल माठ, भोपळ्याची भाजी, पातळ डाळ, भात, रोज वेगळं. नवरा मासे खातो, त्याला मोहरीतला मासा इतका आवडला की त्याने स्वयंपाकघरात जाऊन कृती लिहून घेतली. नाश्त्याला पुरी-भाजी किंवा टोस्ट. इंदूरची शेव बरोबर होती, ती आम्ही किचनमधल्या मंडळींना दिली, संध्याकाळच्या चहाबरोबर सगळ्यांनी मिळून संपवली.

आता नावडलेलं. बांबूच्या भिंती पातळ आहेत, शेजारच्या कॉटेजमधलं बोलणं ऐकू येतं, आणि हनिमूनला हे चालत नाही, स्पष्टच लिहिते. आम्ही दुसऱ्या दिवशी बागेच्या टोकाचं कॉटेज मागून घेतलं आणि प्रश्न सुटला, पण बुकिंगच्या वेळीच त्यांनी हे सांगायला हवं. लाइट जाते, जनरेटर सुरू व्हायला वेळ लागतो, तोवर उकडतं. गरम पाणी एका बादलीपुरतं. वायफाय फक्त रिसेप्शनपाशी, मोबाइलची रेंज येते-जाते, ऑनलाइन पेमेंट अडकतं, तेव्हा रोख पैसे भरपूर ठेवा.

आणि ते हनिमून पॅकेज. खोलीचं भाडं नाश्त्यासकट रात्रीचं साडेसहा हजार, ते योग्य आहे. त्यावर पाच हजार घेऊन केक, पलंगावर फुलं आणि किनाऱ्यावर कँडललाइट डिनर देतात. हे पैसे फुकट जातात. जास्वंदीच्या पाकळ्यांचं हृदय काढलं होतं, दिसायला सुंदर, पण पाकळ्यांबरोबर मुंग्या आल्या आणि रात्री दहाला चादर बदलून घ्यावी लागली. डिनर सातला, तेव्हा सूर्य मावळून दीड तास झालेला, समुद्र दिसत नाही, वाऱ्याने मेणबत्त्या टिकत नाहीत आणि वाळूतल्या बारीक माश्या घोट्यांना असं चावतात की आठवडाभर खाज जात नाही. मी मॅनेजरला म्हटलं की डिनरचे पैसे तरी कमी करा, तर म्हणाले पॅकेजमधलं वेगळं काढता येत नाही. बाकी सगळ्या स्टाफच्या वागण्यापुढे हे मला पटलं नाही. त्यापेक्षा त्या पैशांत एक रात्र वाढवा. पौर्णिमेच्या रात्री आम्ही नुसते व्हरांड्यात बसलो होतो, पायाला ओडोमॉस लावून, हातात शहाळं, आणि बागेत पुस्तक वाचता येईल इतकं चांदणं, ते कुठल्याही पॅकेजमध्ये नव्हतं.

एक गोष्ट मराठी माणसाला माहीत असावी म्हणून. नील हे नाव ज्या जेम्स नील ह्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचं, त्याने १८५७ मध्ये कानपुरात, म्हणजे नानासाहेबांच्या कानपुरात, पकडलेल्या लोकांना फाशी देण्याआधी जमिनीवरचं रक्त चाटायला लावलं होतं. नेताजींनी १९४३ मध्ये पोर्ट ब्लेअरला झेंडा फडकवला तेव्हा अंदमानला शहीद आणि निकोबारला स्वराज म्हटलं होतं, आणि डिसेंबर २०१८ मध्ये नील आणि हॅवलॉकला तीच नावं मिळाली. सवयीने वर मीही नीलच लिहिलंय, शोधायला सोपं जावं म्हणून, पण पोस्टकार्डावर सासूबाईंना शहीद द्वीप असंच लिहून पाठवलं.

जाणार असाल तर जानेवारी ते मार्च बघा, पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि फेऱ्या रद्द होतात. तारखा ठरवताना पंचांगात पौर्णिमा किंवा अमावस्या बघून तिच्या दोन्ही बाजूंचे दिवस धरा. फोन करून टोकाचं कॉटेज मागा, समुद्राच्या बाजूचं, जनरेटरपासून लांबचं. परतीची फेरी विमानाच्या आदल्या दिवशीचीच घ्या, त्याच दिवशीची नाही, एक फेरी रद्द झाली की विमान गेलंच समजा, आमच्याबरोबरच्या एका जोडप्याचं तसंच झालं आणि त्यांना नवीन तिकिटं काढावी लागली.