समुद्रदैत्य म्हणून विकलेला पाकट मासा

गेल्या वर्षी मार्च महिन्यात ठाणे पश्चिमेतील जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून मी १८,००० रुपये मोजून काचेच्या पेटीतील एक वाळलेला समुद्री प्राणी विकत घेतला. त्याच दुकानातून मी पूर्वी पितळी समया, एक अडकित्ता आणि काही नाणी घेतली होती व त्यांत कधी खोट निघाली नव्हती, त्यामुळे दुकानदाराच्या शब्दावर शंका घेण्याचे मला सुचलेच नाही.

प्राणी वीतभराहून थोडा मोठा, तपकिरी आणि चकचकीत होता. त्रिकोणी डोके, दोन खोल डोळे, रडकुंडीला आलेल्या मुलासारखी खाली वळलेली जिवणी, खांद्यांपासून फुटलेले पंख, छातीवर बरगड्यांसारख्या रेघा, दोन आखूड पाय आणि पाठीवरून वळवून आणलेली शेपटी. वसईच्या एका जुन्या घराच्या माळ्यावर हे सापडले असून पोर्तुगीज खलाशांनी आणलेले समुद्रदैत्याचे पिल्लू आहे, असे दुकानदाराने सांगितले आणि "काका, माशाला कधी पाय आणि बरगड्या पाहिल्यात का?" असे विचारून मला निरुत्तर केले. रक्कम त्याने रोख घेतली. पावती मागितल्यावर दुकानाच्या छापील कागदावर 'अंदाजे २०० वर्षे जुनी दुर्मिळ वस्तू' एवढेच लिहून दिले; त्यावर ना प्राण्याचे नाव होते, ना बिलाचा क्रमांक, ना किंमत.

जूनमध्ये पाऊस लागला, हवा दमट झाली आणि आमच्या नौपाड्यातील दिवाणखान्यात सुकटीचा वास येऊ लागला. आमच्याकडे मासळी शिजत नसल्याने पत्नीने आधी शेजाऱ्यांना दोष दिला. पुढे शेजारची मांजर रोज सकाळी त्या पेटीसमोर येऊन बसू लागली, तेव्हा मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी पेटी घेऊन चेंदणी कोळीवाड्यात गेलो. सुकी मासळी विकणाऱ्या एका मावशींनी वस्तू हातात घेताच पालथी केली आणि पाठीवरच्या दोन बारीक उंचवट्यांवर नख टेकवून म्हणाल्या, "काका, डोळे हे हायत. पाकट हाय ह्यो, उलटा दावलाय तुमाला." पुढे, आता याचे कालवणही होणार नाही, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. मला दैत्य वाटलेली गोष्ट ओळखायला त्यांना अर्धे मिनिटही लागले नव्हते.

सारी मेख याच उलटेपणात आहे. पाकटाचे डोळे पाठीच्या बाजूला असतात, तर नाकपुड्या आणि तोंड पोटाच्या बाजूला. त्यामुळे पोटाकडून पाहिले की नाकपुड्यांचे डोळे होतात आणि आपल्या मनात आपोआप एक चेहरा तयार होतो. माझ्या वस्तूत त्या नाकपुड्यांत काळे मणीही बसवलेले होते. बरगड्या म्हणून दाखवलेल्या रेघा म्हणजे दोन्ही बाजूंच्या पाच-पाच कल्ल्यांच्या फटी आणि त्यांभोवतीची वाळून आक्रसलेली कातडी. पाकटाचा सांगाडा कुर्चेचा असतो. त्याला खऱ्या हाडाच्या बरगड्या नसतातच. आणि ते 'पाय' म्हणजे नर पाकटाला शेपटीच्या मुळाशी असणारे, समागमासाठीचे दोन दांडे होते. ताज्या माशाच्या डोक्यामागे दोरा आवळून मान काढायची, कडेचे रुंद पर कापून पंखांचा आकार द्यायचा, शेपटी वळवायची, उन्हात वाळवायचे आणि वर व्हार्निश मारायचे, एवढीच ती कारागिरी.

युरोपात अशा वस्तूंना 'जेनी हॅनिव्हर' म्हणतात आणि हा उद्योग फार जुना आहे. स्विस निसर्गअभ्यासक कॉनराड गेस्नर याने १५५८ मध्येच अशा वस्तूचे चित्र छापून, हा केवळ विद्रूप केलेला पाकट आहे, असे बजावले होते. साडेचारशेहून अधिक वर्षांनी त्याच युक्तीने ठाण्यात मला गाठले, याचे हसू आता येते. तेव्हा येत नव्हते.

मी वस्तू परत करायला गेलो, तेव्हा दुकानदाराचा सूरच बदलला. पैसे परत मिळणार नाहीत, आणि तक्रार केलीत तर संरक्षित प्राणी बाळगल्याबद्दल तुम्हीच अडकाल, असे त्याने शांतपणे सुनावले. ही धमकी पूर्णपणे पोकळ नाही, हेच या फसवणुकीतले खरे हत्यार आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत २००१ पासून पाकट व मुशीच्या काही जाती, तसेच समुद्रघोडे आणि 'इंद्रजाल' या नावाने वनस्पती म्हणून विकले जाणारे काळे प्रवाळ व समुद्रपंखे आहेत. त्यांची विक्री हा गुन्हा आहे, आणि कापून वाळवलेल्या पाकटाची जात ओळखणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नाही. गिऱ्हाईक घाबरून गप्प बसते, हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते. मी गप्प न बसता सारी हकिगत अर्जात लिहून वस्तू वन विभागाच्या कार्यालयात जमा केली आणि पोच घेतली. पैसे मात्र गेले, कारण रोखीचा व्यवहार आणि किंमत नसलेला तो कागद यांच्या बळावर दाद मागायची तरी कशी?

त्या कागदाबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंचा व्यापार करायला १९७२ च्याच पुरावस्तूविषयक कायद्याप्रमाणे परवाना लागतो. '२०० वर्षे जुनी' असे लिहून देणाऱ्याला परवाना दाखवा म्हटले असते, तर माझे काम तिथेच झाले असते.

गेल्या महिन्यात त्या दुकानावरून जाताना दर्शनी काचेत तसाच दुसरा प्राणी दिसला. डोळ्यांत या वेळी लाल मणी होते. आत जाऊन मी तो पालथा करून दाखवायला सांगितले. नव्या नोकराने मालकाकडे पाहिले आणि वस्तू नाजूक असल्याने हाताळता येत नाही, असे उत्तर दिले.