बाराशे रुपये देऊन स्वतःची वेबसाइट तपासून घेतली

मी अनुवादाची कामं करते, इंग्रजी-हिंदीतून मराठी, आणि दर नव्या माणसाला व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवायचा कंटाळा आला म्हणून दिवाळीच्या सुट्टीत एचटीएमएल-सीएसएस शिकत शिकत स्वतःच एक वेबसाइट उभी केली, गिटहब पेजेसवर फुकटात टाकली आणि सगळ्या ग्रुपांवर लिंक फिरवली. फीडबॅक काय आला? ‘मस्तच गं’, ‘भारी’, चार अंगठे आणि एका काकांचं गुड मॉर्निंग. उघडून तरी कोणी बघितली असेल का देव जाणे.

मग ओळखीतून कळलं की एकजण पैसे घेऊन वेबसाइट तपासून देतो. एकटाच माणूस आहे, नाव लिहीत नाही कारण तक्रारही करायचीये. १२०० रुपये, त्यात पाऊण तासाचा व्हिडिओ कॉल आणि नंतर कोडवर लेखी रिपोर्ट.

आधी तक्रार. तीन दिवसांत देतो म्हटलेला रिपोर्ट अकराव्या दिवशी आला, तोही दोनदा आठवण केल्यावर, आणि चौदा पानांतली नऊ पानं लाइटहाउसचे, म्हणजे वेबसाइटला मार्क देणाऱ्या टूलचे, स्क्रीनशॉट! अहो ते क्रोममध्येच असतं, कंप्युटरवर एफ१२ दाबा, लाइटहाउसचा टॅब उघडा, मोबाइल निवडून बटण दाबा, मिनिटभरात १०० पैकी मार्क हातात. ९० पासून पुढे हिरवा, ५० च्या खाली लाल. माझे ४१ होते. पण हे फुकटात मिळतं, त्याचे पैसे मी का द्यायचे?

आता कॉलबद्दल. या बाबाने माझी साइट आधीच स्वतःच्या आईच्या फोनवर उघडून दिली होती आणि स्क्रीन रेकॉर्ड केली होती. मला म्हणाला, ताई, मध्ये काही समजावायचं नाही, फक्त बघा. वर मोठ्ठ्या अक्षरात ‘शब्दांच्या पल्याड’ (हो, मीच सुचवलं होतं मला), खाली माझा फोटो पडदा सोडल्यासारखा हळूहळू खाली येतोय. काकू, म्हणजे त्याची आई, थांबल्या. फोटोवर बोट दाबलं, काही झालं नाही. खाली गेल्या, परत वर आल्या, आणि मग आवाज आला, ‘अरे पण ही मुलगी करते काय?’

मी गप्पच. पहिल्या अख्ख्या स्क्रीनवर ‘अनुवाद’ हा शब्दच नव्हता. फोन नंबर होता पार तळाला, पांढऱ्यावर फिक्क्या राखाडीत, मला ते फार क्लासी वाटायचं. काकूंना तो दिसलाच नाही. त्याने मोजून दाखवलं, कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांतला उजेडाचा फरक, २.३ ला १ येत होता, बारीक अक्षरांना किमान ४.५ ला १ तरी पाहिजे. आणि नंबर दाबला की फोन लागायला हवा ना, मी तर नुसते आकडे टाइप करून ठेवलेले.

कोडमधल्या चुका ऐकून हसाल. फोटो कॅमेऱ्यातून काढला तसाच चढवलेला, ४ एमबीच्या वर, आणि दिसतो केवढा तर ३०० पिक्सेल. तो बारीक करून वेबपी या हलक्या फॉर्मॅटमध्ये टाकला, आता ५० केबीसुद्धा नाही. शीर्षकाला मी लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जास्तीचं अंतर, दिलं होतं, कुठल्यातरी इंग्रजी टेम्प्लेटमध्ये बघून, तिकडे ते छान दिसतं हो पण आपल्याकडे शिरोरेषाच तुटते, दात पडल्यासारखा शब्द दिसतो, आणि रोज बघून मला दोन महिने ते कळलं नाही! लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या नुसती १.२ पट, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर घासत होते, ती १.७ केली. टेम्प्लेटमधली पानाच्या भाषेची खूण, लँग ‘ईएन’, तशीच राहिलेली, म्हणजे पान मराठी आणि ब्राउझरला सांगतोय इंग्रजी आहे. ते ‘एमआर’ केलं की स्क्रीन रीडरला, म्हणजे न दिसणाऱ्यांना पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, भाषा कळते, शिवाय फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. हे कुठल्याच मार्कांत नीट कळत नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं, आणि तेही मराठी वाचणाऱ्याच्या.

सगळंच ऐकलं नाही मी. सगळी साइट रिॲक्टमध्ये, म्हणजे मोठ्या साइटींसाठी वापरतात त्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत, कर म्हणत होता, पाच पानांसाठी? माझा पिवळा रंगही आवडला नाही त्याला. तो राहणार.

दोन रविवार खपून दुरुस्त्या केल्या, लाइटहाउस आता ९६ दाखवतं, आणि वर सरळ लिहिलंय, ‘इंग्रजी-हिंदीतून मराठी अनुवाद’. मैत्रिणीसाठी विचारलं की रिपोर्ट नको, नुसत्या कॉलचे किती, तर ७०० म्हणाला. तेवढंच घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, त्यातला दीड काकूंचा.