स्टेम सेल, ‘जेलचा पूल’ आणि गेलेले साडेसहा लाख

मणक्याला मार लागून कमरेखाली लुळं पडलेलं माणूस घरात असेल, तर तुमच्या मोबाईलवरही कधी ना कधी ही जाहिरात येईल: ‘स्टेम सेल आणि बायोजेल, तुटलेल्या मज्जारज्जूवर नवा पूल.’ स्टेम सेल म्हणजे शरीरातल्या इतर पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी. आमच्याकडून या पुलाचे साडेसहा लाख घेतले. त्यात वहिनीचे दागिने होते आणि अर्ध्या एकराचे पैसे.

दादा कराडजवळ बांधकामावर परांचीवरून पडला. डी-१२, म्हणजे छातीच्या भागातला शेवटचा मणका फुटला. रॉड-स्क्रू टाकून ऑपरेशन झालं, पण रिपोर्टवर ‘एशिया ए’ आलं, म्हणजे जखमेखाली ना संवेदना, ना हालचाल. वर्ष उलटल्यावर न्यूरोसर्जननी स्पष्ट सांगितलं की आता बेडसोअर होऊ द्यायचे नाहीत, लघवीचं इन्फेक्शन टाळायचं आणि व्हीलचेअरवर स्वतःचं स्वतः करायला शिकायचं. सल्ला योग्यच होता. पण दोन लहान पोरांच्या आईला तो कसा पचावा?

मोठ्या शहरातल्या त्या क्लिनिकची काउन्सेलर नेमकं तेच हेरून बोलायची. “ताई, जपानमध्ये पेशंट उभा राहिला, बातमी वाचली नाही का?” बातमी खरी होती. टोकियोच्या केओ विद्यापीठाने मार्च २०२५ मध्ये चार रुग्णांचे निष्कर्ष जाहीर केले. दोघांत सुधारणा दिसली आणि त्यातला एक आधाराशिवाय उभा राहिला. पण त्यांना दिलेल्या पेशी प्रयोगशाळेत आयपीएस पेशींपासून (साध्या पेशी बदलून पुन्हा मूळ पेशींसारख्या केलेल्या) तयार केलेल्या होत्या, त्या ऑपरेशन करून थेट मज्जारज्जूत सोडल्या होत्या, आणि तेही इजा झाल्यापासून दोन ते चार आठवड्यांत. दादाच्या इजेला वर्ष होऊन गेलं होतं. हा फरक आम्हाला कुणीही सांगितला नाही.

जेलचंही तेच. मज्जारज्जू चिरडला की तिथे पोकळी होते, भोवती व्रण धरतो आणि मज्जातंतूंना पलीकडे जायला आधार उरत नाही. म्हणून त्या पोकळीत कोलॅजन, फायब्रिन अशा पदार्थाच्या जेलचा सांगाडा बसवून त्यात पेशी रुजवायच्या, हे संशोधन वीसेक वर्षांहून जास्त काळ चालू आहे. उंदरांमध्ये आशादायक निकाल मिळालेत. माणसांवर मात्र ते अजून चाचणीच्याच पायरीवर आहे. पेशींशिवाय नुसता सांगाडा बसवलेली अमेरिकेतली एक चाचणी २०२३ मध्ये ठरवलेलं उद्दिष्ट गाठू शकली नाही.

आता आमच्याकडे काय केलं ते बघा. सकाळी कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढली आणि संध्याकाळी पाठीत खाली, कमरेपाशी, सुईने काहीतरी सोडलं. झालं! सांगाडा बसवायचा तर डी-१२ पाशी पाठ उघडावी लागते. दादाच्या पाठीवर जुन्या ऑपरेशनचा व्रण जसाच्या तसा होता, नवा टाका एकही नव्हता. मग जेल गेलं कुठे?

दोन दिवसांनी फिजिओथेरपिस्टने तळव्यावर बोट ओढलं, पाय झटक्यात वर आला आणि लगेच व्हिडिओ काढला. “बघा, पाय हलला!” वहिनी ढसाढसा रडली. तो निव्वळ स्पॅझम होता, म्हणजे स्नायूंचा आपोआप येणारा झटका. घरी चादर ओढली तरी तसाच यायचा. एका बाईच्या आनंदाश्रूंची जाहिरात करणाऱ्यांना काय म्हणावं, मला अजून शब्द सापडत नाही.

बिलावर ‘भरती शुल्क, औषधे, फिजिओथेरपी, बोन मॅरो प्रक्रिया’ एवढंच. ‘स्टेम सेल’ हा शब्द नाही, ‘जेल’ नाही. बोलताना ‘उपचार’ म्हणायचे, पण संमतीपत्रात बारीक अक्षरात ‘परिणामाची हमी नाही’. पुढे ‘बूस्टर’साठी फोन सुरू झाले.

आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्टेम सेलचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या वगैरे ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण. मणक्याच्या इजेसाठी स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात. अशी चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदणीत असावी लागते आणि रुग्णाकडून तिचे पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा पहिल्याच फोनला नोंदणी क्रमांक मागा आणि वेबसाईटवर स्वतः तपासा. क्रमांक खरा असला आणि तरी लाखांचं पॅकेज सांगत असतील, तर फोन ठेवून द्या.

‘आपल्याच शरीरातल्या पेशी, अपाय काय होणार?’ हेही ऐकवतील. पोर्तुगालमध्ये एका अमेरिकन तरुणीच्या मज्जारज्जूत तिच्याच नाकातल्या पेशी बसवल्या होत्या. आठेक वर्षांनी तिथे श्लेष्मासारखा द्रव तयार करणारी गाठ निघाली, ती ऑपरेशन करून काढावी लागली. २०१४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात ही केस छापून आली.

जे पैसे आहेत ते चांगली व्हीलचेअर, एअर किंवा वॉटर बेड आणि नियमित फिजिओथेरपी यांवर घाला. मुंबईला हाजी अली इथे केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे दाखवा. दादा आता स्वतः पलंगावरून खुर्चीत येतो, ते हाताच्या व्यायामामुळे.

आम्ही महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आणि जिल्हा ग्राहक आयोग, दोन्हीकडे तक्रार केली आहे. काउन्सेलरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि तो पाय हलल्याचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. तुमचंही असं झालं असेल तर चॅट डिलीट करू नका आणि डिस्चार्ज कार्ड, बिलं, संमतीपत्राची प्रत मागून घ्या. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं.