वारंवार गर्भपात आणि इम्यून ट्रीटमेंट : ठाण्यातील केंद्रातला दीड वर्षाचा अनुभव

गेल्या दीड वर्षापासून मी ठाण्यातील या केंद्रात वारंवार होणाऱ्या गर्भपातावर उपचार घेत आहे आणि अजून माझी कूस रिकामीच आहे, हे सुरुवातीलाच सांगते. कारण असे अभिप्राय वाचणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणी आधी शेवटच्या ओळीवर जाऊन गोड बातमी आहे का ते पाहतात, आणि मीही तेच करत असे. तरीही हा अभिप्राय मी मनापासून चांगला लिहीत आहे. इम्यून ट्रीटमेंट म्हणजे रोगप्रतिकारक शक्तीवरचे उपचार, या एका नावाखाली जे अनेक उपचार दिले जातात, त्यांतल्या कशाला आधार आहे आणि कशाला नाही, हे मला इथे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगण्यात आले, आणि माझी आशा टिकली ती त्या सांगण्यामुळेच.

माझे वय ३४ आहे आणि आम्ही ऐरोलीला राहतो. लग्नानंतरच्या पाच वर्षांत मला तीनदा दिवस राहिले. पहिला गर्भ सातव्या आठवड्यात गेला, दुसरा नवव्या, आणि तिसरा अकराव्या आठवड्यात, सोनोग्राफीत ठोके दिसून गेल्यावर. दुसऱ्या गर्भपातानंतर आम्ही एका वेगळ्या केंद्रात गेलो होतो. तिथे रक्ताची एक महागडी तपासणी करून माझ्या एनके पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) वाढल्याचे सांगण्यात आले, आणि ‘तुमचे शरीरच बाळाला मारून टाकते आहे’ हे वाक्य मी तिथे ऐकले. ते वाक्य कित्येक महिने माझ्या डोक्यातून गेले नाही. त्यानंतर इंट्रालिपिडचे सलाईन आणि रोज प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी असे पॅकेज सुरू झाले, ज्याचे पैसे आधीच भरून घेतले होते. इंट्रालिपिड म्हणजे सोयाबीनचे तेल, अंड्यातील फॉस्फोलिपिड आणि ग्लिसरीन यांचे पाण्यात एकजीव केलेले मिश्रण; ज्या रुग्णांना तोंडाने अन्न घेता येत नाही त्यांना शिरेतून पोषण देण्यासाठी ते मुळात तयार झाले. पहिल्या दिवशी सासूबाई माझ्यासोबत होत्या. नळीतून उतरणाऱ्या त्या पांढऱ्याशुभ्र थेंबांकडे बराच वेळ पाहून त्यांनी मला विचारले, “दूधच चढवतायत का गं?” मला उत्तर देता आले नाही, कारण बाटलीत काय आहे हे मलाही कोणी सांगितले नव्हते, आणि अंड्याची किंवा सोयाबीनची अॅलर्जी आहे का, हा साधा प्रश्नही विचारला गेला नव्हता. प्रेडनिसोलोनमुळे माझी झोप उडाली आणि चेहरा सुजला. तिसरा गर्भ हे सर्व उपचार चालू असतानाच गेला, आणि त्यानंतर पुढचा उपाय म्हणून माझ्या पतींच्या रक्तातील पांढऱ्या पेशी वेगळ्या करून मला टोचण्याचे सुचवण्यात आले. तेव्हा आम्ही तिथले उपचार थांबवले.

इथल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्या भेटीत आमची फाईल पानोपान वाचली आणि चाळीस मिनिटे दिली. सर्वांत आधी त्यांनी प्रेडनिसोलोन एकदम बंद न करता हळूहळू कमी करण्याचे वेळापत्रक लिहून दिले. मग एक कोरा कागद घेऊन त्यावर मधोमध उभी रेघ मारली. रेघेच्या डावीकडे त्यांनी चांगल्या चाचण्यांमधून उपयोग दिसलेले उपचार लिहिले आणि उजवीकडे तसा उपयोग न दिसलेले. मी आजवर घेतलेले दोन्ही उपचार उजवीकडे गेले. इंट्रालिपिड आणि स्टेरॉइड यांसारख्या इम्यून उपचारांनी मूल होण्याची शक्यता वाढते असा खात्रीचा पुरावा नाही, असे ब्रिटनमधील वंध्यत्व उपचारांची नियामक संस्था एचएफईए म्हणते, हे मॅडमनी सांगितले. आणि पतीच्या पांढऱ्या पेशी टोचण्याची पद्धत संशोधनाच्या रीतसर परवानगीशिवाय वापरू नये, असे अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००२ सालीच कळवले होते, हेही सांगितले. आमच्या आधीच्या डॉक्टरांविषयी मात्र त्यांनी एकही वावगा शब्द काढला नाही.

एनके पेशींबद्दल त्यांनी जे समजावले, ते मी इथे सविस्तर लिहिते, कारण ‘शरीरच बाळाला मारते’ हे वाक्य माझ्यासारख्या अनेकींना ऐकवले जात असणार. एनके म्हणजे नॅचरल किलर हे नाव या पेशींना विषाणूबाधित आणि कर्करोगाच्या पेशी नष्ट करण्याच्या गुणावरून पडले. गर्भाशयाच्या अस्तरात असणाऱ्या एनके पेशी मात्र वेगळ्या गुणधर्माच्या असतात. वार (प्लॅसेंटा) रुजताना तिथल्या रक्तवाहिन्या रुंद व्हाव्यात आणि गर्भाला पुरेसे रक्त मिळावे, या कामात त्या मदत करतात. दंडातून काढलेल्या रक्तात एनके पेशी किती आहेत, यावरून गर्भाशयात काय चालले आहे हे ठरवता येत नाही. हे ऐकून मी तिथेच रडले. दोन वर्षे मी माझ्याच शरीराला वैरी समजत होते. त्या दिवशी माझ्यावर नवा उपचार कोणताही झाला नव्हता, तरी परतीच्या गाडीत मला हलके वाटत होते, हे माझ्या पतींनीही ओळखले.

कागदाच्या डावीकडे सर्वांत वर लिहिला होता अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम या आजारावरचा उपचार. लंडनचे डॉक्टर ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ साली हा आजार वर्णन केला. यात शरीर स्वतःच्याच फॉस्फोलिपिडशी जोडलेल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते, रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते आणि वार नीट रुजत नाही. त्यासाठी ल्युपस अँटिकोअॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन अशा तीन तपासण्या असतात, आणि तीन गर्भपात होऊनही माझ्या फाईलमध्ये त्यांतली एकही नव्हती. अहवाल एकदा पॉझिटिव्ह आला म्हणून निदान होत नाही. एखाद्या जंतुसंसर्गातही ही प्रतिद्रव्ये काही काळ वाढतात, म्हणून किमान १२ आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. मूल हवे असणाऱ्या बाईला १२ आठवडे हा फार मोठा काळ वाटतो. लवकर काही तरी सुरू करा म्हणून मी दोनदा विनवले आणि दोन्ही वेळा मॅडमनी शांतपणे नकार दिला. तेव्हा राग आला होता, पण तो नकार हाच या केंद्राचा सर्वांत मोठा गुण आहे, असे आज माझे मत आहे. दुसरा अहवालही पॉझिटिव्ह आला, आणि पहिल्यांदाच माझ्या दुःखाला एक नेमके नाव मिळाले.

उपचार त्या मानाने साधा निघाला : रोज रात्री जेवणानंतर इकोस्प्रिन ७५ ही अॅस्पिरिनची गोळी, आणि गर्भधारणेची चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच दिवसापासून हेपॅरिनचे, म्हणजे रक्तात गुठळ्या होऊ न देणाऱ्या औषधाचे इंजेक्शन. हेपॅरिन वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही, म्हणून ते गरोदरपणात देता येते. या उपचाराचा आधार म्हणून मॅडमनी १९९७ साली लंडनमधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचे आकडे सांगितले. त्यात प्रतिद्रव्ये असलेल्या आणि वारंवार गर्भपात झालेल्या ९० स्त्रिया होत्या. नुसत्या अॅस्पिरिनवर ४५ पैकी १९ जणींना जिवंत बाळ झाले, तर अॅस्पिरिन आणि हेपॅरिन दोन्ही घेणाऱ्या ४५ पैकी ३२ जणींना. मी त्या ३२ वर जशी मन लावून बसते, तशी उरलेल्या १३ जणींचीही मला रोज आठवण येते. ज्यांच्या रक्तात ही प्रतिद्रव्ये नाहीत आणि गर्भपाताचे कारण सापडलेले नाही, त्यांना हाच उपचार देऊन फायदा झालेला दिसलेला नाही, म्हणून माझे वाचून कोणी परस्पर गोळी किंवा इंजेक्शन सुरू करू नये, ही कळकळीची विनंती.

इंजेक्शन स्वतःचे स्वतः घ्यायला इथल्या सिस्टरनी मला शिकवले, आणि ते ज्या आस्थेने शिकवले त्यासाठी मी त्यांची कायम ऋणी राहीन. सिरिंज आधीच भरलेली येते आणि तिच्यात हवेचा एक बुडबुडा असतो. मी घाबरून तो काढायला गेले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. “ताई, तो राहू द्या, तो शेवटी जातो आणि औषध पूर्ण उतरतं.” बेंबीपासून दोन इंच लांब, एक दिवस डावीकडे आणि एक दिवस उजवीकडे, चिमटीत कातडी धरून सुई सरळ आत घालायची, औषध संपेपर्यंत चिमूट सोडायची नाही आणि नंतर ती जागा चोळायची नाही. चोळले की काळेनिळे डाग पडतात. पाण्याने भरलेली सिरिंज मी त्यांच्यासमोर तीन वेळा स्पंजमध्ये टोचली, आणि हात थरथरायचा थांबल्यावरच त्यांनी मला घरी सोडले.

इथल्या उपचारांच्या आठव्या महिन्यात एके पहाटे चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. त्याच संध्याकाळी मी पहिले इंजेक्शन घेतले. बीटा एचसीजीचा, म्हणजे गरोदरपणात रक्तात वाढणाऱ्या संप्रेरकाचा पहिला अहवाल ६४ आला, दोन दिवसांनी तो ८१ झाला, जितका वाढायला हवा त्याहून फार कमी, आणि नवव्या इंजेक्शनच्या दिवशी तो ३० वर उतरलेला होता. केंद्राची खरी परीक्षा अशा दिवशी होते, असे मला वाटते. अहवाल मोबाईलवर आपोआप येण्याच्या आत सिस्टरनी स्वतः फोन केला. बाहेर बसलेल्या गरोदर बायकांमधून आम्हाला जावे लागू नये म्हणून मॅडमनी ओपीडी संपल्यावर, रात्री साडेआठला बोलावले. इतक्या लवकर गेलेल्या गर्भात बहुतेक वेळा त्या गर्भाच्याच गुणसूत्रांत दोष असतो आणि हेपॅरिन तो दोष दुरुस्त करू शकत नाही, त्यामुळे उपचार फसला असे मानण्याचे कारण नाही, हे त्यांनी सांगितले. मग मी न विचारताच त्या म्हणाल्या, “लोकलचा प्रवास, जिने, पपई, यातल्या कशामुळेही हे झालेलं नाही.” मी नेमकी त्याच तीन गोष्टींची यादी मनात धरून गेले होते.

केंद्रात उणिवाही आहेत आणि त्या सुधारायला हव्यात. सर्वांत मोठी उणीव बसण्याच्या जागेची आहे. ज्यांचे गर्भ गेले आहेत त्या आणि ज्यांना सातवा-आठवा महिना आहे त्या, सर्व जणी एकाच बाकावर असतात, आणि समोरच्या भिंतीवर हसऱ्या बाळांचे फोटो लावलेले आहेत. संमतीपत्रे फक्त इंग्रजीत आहेत; ठाण्यासारख्या शहरात ती मराठीत असायलाच हवीत, कारण सासूबाईंसारख्या घरातल्या मोठ्या माणसांनाही उपचार समजून घ्यायचे असतात. समुपदेशक केवळ शनिवारी येतात आणि शनिवारी गर्दी इतकी असते की अकराची वेळ घेऊन एकला नंबर लागतो, म्हणून ज्यांना जमेल त्यांनी मधल्या वारी सकाळची पहिली वेळ घ्यावी. खर्चाबाबत मात्र तक्रार नाही. इथे पॅकेज नाही. ज्या दिवशी जी तपासणी होते तिचेच पैसे घेतात, आणि हेपॅरिन बाहेरच्या दुकानातून स्वस्त मिळाले तर तिथून घ्या, असे स्वतःहून सांगतात. नवी मुंबईकडून येणाऱ्यांनी गाडी आणू नये, कारण पार्किंग मिळत नाही; ट्रान्स हार्बर लोकलने ऐरोलीहून दिघा गाव आणि पुढे ठाणे, मग स्टेशनबाहेरून रिक्षा, हे सर्वांत सोपे पडते.

येताना जुने सगळे अहवाल तारखेच्या क्रमाने लावून आणावेत आणि प्रत्येक गर्भ कितव्या आठवड्यात गेला व ठोके दिसले होते का, हे एका कागदावर लिहून ठेवावे. पहिल्या भेटीत मॅडम नेमके हेच विचारतात, आणि ते तोंडाने सांगताना आवाज फुटत नाही.

आता आम्ही पुन्हा प्रयत्न सुरू केले आहेत. इकोस्प्रिन चालू आहे. दिवस राहिले तर सहाव्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत दर आठवड्याला सोनोग्राफी करू, असे मॅडमनी सांगितले आहे. त्यातून गर्भ टिकतो असा त्यांचा दावा नाही, पण पुढच्या तारखेपर्यंतचे सात दिवस काढता येतात, असे त्या म्हणतात, आणि ते मला पटते. सासूबाईंनी कार्ल्याच्या एकवीरेला नवस बोलला आहे आणि माझ्या आईने घरी दत्ताचे पारायण लावले आहे. मॅडमनी त्यालाही नाही म्हटले नाही, फक्त कडक उपवास करू नका म्हणाल्या. मागच्या वेळच्या खोक्यातील एक सिरिंज उरली होती, ती कपाटात वरच्या कप्प्यात, उन्हापासून दूर ठेवली आहे. तिच्यावरची मुदत मी परवा पाहिली, ती अजून दहा महिने आहे.