नाट्यवाचनाला विमानाने जाताना

सांगलीला चालू विमानतळ नसल्याने येथील प्रवाशाला कोल्हापूरजवळचे उजळाईवाडी गाठावे लागते. माझ्या नव्या नाटकाच्या मुंबईतील वाचनासाठी मीही तेथूनच दुपारचे तिकीट काढले होते. विमान तीन तास उशिरा सुटले. उशिरापेक्षा खटकली ती तो सांगण्याची रीत: दर वेळी ‘आणखी अर्धा तास’ एवढेच कळत असे, आणि उत्कंठा ताणण्याचे हे कसब माझ्या दुसऱ्या अंकात असते तर बरे झाले असते. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक विलंब होणार असेल, तर प्रतीक्षेतील प्रवाशांना खाद्यपेय देणे नियमानेच कंपनीवर बंधनकारक आहे. येथे ते मागावे लागले, तेव्हा मिळाले.

त्या रिकाम्या वेळात संहिता पुन्हा वाचली आणि पात्रांऐवजी मीच बोलतो आहे, अशी शंका बळावली. विष्णुदास भावे यांनी 1843 साली ज्या गावात मराठी नाटक रंगमंचावर आणले, त्या गावचा नाटककार म्हणून ओळख करून दिली जाते, तेव्हा ही शंका अधिकच बोचते. अर्थात, तिचा दोष विमान कंपनीला देता येणार नाही.

विमानातील कर्मचारी सौजन्यशील होते, आसनेही स्वच्छ होती. तरीही त्याच संध्याकाळी प्रयोग किंवा वाचन असणाऱ्यांना मी ही सेवा सुचवणार नाही. त्यांनी आदल्या रात्री सांगलीहूनच महालक्ष्मी एक्सप्रेस पकडावी.