सुट्या लाकडी अक्षरांची पेटी : लिहिता येतं, पण वाचता येत नाही अशा मुलांसाठी

बालवाडीच्या मोठ्या गटात दरवर्षी अशी दोन-तीन मुलं असतातच. ‘बदक’ लिही म्हटलं की पुटपुटत ब, द, क बरोबर मांडतात. तेच ‘बदक’ फळ्यावर लिहून वाच म्हटलं की ब... द... क... म्हणून थांबतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. पालक म्हणतात, “ताई, त्याचं लक्षच नसतं हो.” लक्ष असतं. लिहिताना शब्द मुलाला आधीच ठाऊक असतो, फक्त फोडायचा असतो. वाचताना समोर तुकडे असतात आणि शब्द कुठला ते शोधायचं असतं. त्यात मराठीत शेवटच्या ‘क’मधला अ बोलताना गळतो, ‘ब-द-क’ कितीही वेळा म्हटलं तरी त्यातून ओळखीचं बदक कानाला ऐकू येत नाही.

अशा मुलांसाठी यंदा मी वर्गात ही पेटी मागवली. सुटी अक्षरं ही जुनीच वाट आहे. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं, तिथली मुलं आधी शब्द रचायला आणि लिहायला लागली, वाचन मागून आलं. हात अजून पेन्सिलीला सरावलेला नसला तरी डोक्यातला शब्द मांडता येतो, हा या साधनाचा खरा फायदा.

पेटीत व्यंजनं लाल, स्वर आणि मात्रा निळ्या. प्रत्येक अक्षराला वेगळा खण. लाकूड गुळगुळीत, कडा घासलेल्या, रंग हाताला लागत नाही. मला सगळ्यात आवडलं ते मात्रांचे तुकडे वेगळे केलेत ते. बाजारातल्या बऱ्याच संचांत का, कि, की असे तयार तुकडे येतात, त्यात मुलाला रचायला काही उरतच नाही.

सुट्या मात्रांमुळे काय होतं ते सांगते. गटातल्या एका मुलीने ‘काका’ रचलं. मी शेवटचा काना उचलला, तिथे दीर्घ वेलांटी ठेवली आणि काही न बोलता थांबले. ती बराच वेळ बघत राहिली, मग ओरडलीच, “काकी!” लगेच तिने स्वतः वेलांटी काढून दीर्घ उकार लावला. काकू. हे तिचं पहिलं वाचन. सगळा शब्द नव्याने जोडायचा नव्हता, बदललेला तेवढा एकच तुकडा वाचायचा होता. मग मामा-मामी झालं, माळ, माळा, मळा, मुळा, मुळी झालं. लिहिणाऱ्या मुलाला वाचनाकडे न्यायला याच्याइतका सोपा पूल मला तरी सापडलेला नाही.

त्यानंतर चिठ्ठ्यांचा खेळ. टेबलावर पेला, दोरा, कुलूप ठेवायचं, एकेका वस्तूचं नाव चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी ज्याची त्या वस्तूपाशी ठेवायला सांगायचं. मूल अडखळलं तर उत्तर सांगू नका. “पुन्हा म्हण, जरा लवकर म्हण” एवढंच. वेग वाढला की आवाज एकमेकांना चिकटतात आणि शब्द उमटतो.

ऱ्हस्व वेलांटीचं मात्र तयारीत राहा. ‘किटली’ रचताना मूल आधी क ठेवतं आणि वेलांटी त्याच्या उजवीकडे लावतं, कारण बोलताना ती नंतर येते. कानाने बरोबरच केलंय त्याने. मी शब्द पूर्ण होऊ देते, मग तो तुकडा सरकवून क-च्या आधी आणते. तेव्हाच चूक म्हणून हात धरला तर पुढचा शब्द रचायला मूल कचरतं.

आता तक्रारी, आणि त्या लहान नाहीत. पेटीत ळ फक्त दोन आहेत. मराठी मुलाचे पहिले शब्द बघा: बाळ, फळ, डोळा, केळं, शाळा, काळा. तीन शब्द शेजारी मांडायचे म्हटले तरी ळ संपतो. ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. आपल्या शाळेत मूल पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवतं, मग इथे ते अडणारच. अर्धी अक्षरं दिलीत, पण रफार नाही, त्यामुळे ‘सूर्य’ रचता येत नाही. बनवणाऱ्यांना मी हे सगळं लिहून कळवलंय. मराठीसाठी म्हणून विकता, तर मराठीच्या हिशेबाने कापा.

किंमत अठराशे रुपये. वर्गासाठी घ्यावी, वर्षानुवर्षं टिकेल. एका मुलासाठी घरी घ्यायची तर मी आधी पुठ्ठ्याची अक्षरं कापा म्हणेन. आपल्याकडे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या बोर्डी-कोसबाडला परिसरातल्या साध्यासुध्या वस्तूंवर बालवाड्या चालवल्या. लग्नपत्रिकांचा जाड कागद चालतो, दोन रंगांचे स्केचपेन घ्या, मात्रा सुट्या कापा आणि ळ निदान सहा करा.