फ्रांकनमधल्या छोट्या गावची मेट्सगेराई: वर्षभर तिथूनच सॉसेज आणि धुरावलेलं मांस घेतल्यानंतर

जर्मनीत नवीन आलेली आपली माणसं एक प्रश्न हमखास विचारतात. सुपरमार्केटात हवी ती सॉसेज पाकिटात मिळत असताना मेट्सगेराईत, म्हणजे गावातल्या मांसवाल्याच्या दुकानात, जाऊन जवळपास दीडपट पैसे का मोजायचे? गेलं वर्षभर घरातलं सगळं मांस मी गावच्या एकाच दुकानातून घेते आहे, तेव्हा आता यावर सविस्तर लिहायला हरकत नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगते: पैसे जरूर मोजा, पण आधी दुकानाचा आठवडा समजून घ्या. कुठल्या वारी काय ताजं होतं हे माहीत नसेल, तर त्या जास्तीच्या पैशांतले निम्मे तरी वाया जातात.

आम्ही बव्हेरियाच्या उत्तरेकडच्या फ्रांकन भागात, फोर्खहाइम गावाच्या पुढे, व्हीझेंट नदीच्या खोऱ्यात राहतो. चेरीच्या बागा, डोंगरउतारावरची गावं आणि गावागणिक बिअरची भट्टी. लोकसंख्येच्या मानाने भट्ट्या, बेकऱ्या आणि मेट्सगेराई ओबरफ्रांकन या आमच्या भागाइतक्या दाट दुसरीकडे नाहीत, असं इथले लोक अभिमानाने सांगतात आणि फिरताना ते पटतंही. मी मूळची वसईची. डुकराचं मांस आमच्याकडे सणाला, लग्नाला असायचंच, त्यामुळे त्याची सवय करून घ्यावी लागली नाही. कमी भासत होती ती चोरिसची, म्हणजे मिरची-विनेगर घातलेल्या गोव्याच्या डुकराच्या सॉसेजची. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, म्हणजे म्हापशाच्या बाजारातली माळ बॅगेत घालून आणणं शक्यच नाही. म्हणून इथल्या सॉसेजकडे मी जरा जास्तच आस्थेने बघायला लागले.

आता आठवडा. आमच्या दुकानात सोमवारी दार बंद आणि आत काम चालू. मंगळवारी सकाळी केसेलफ्लाइश, म्हणजे मोठ्या कढईत उकडलेलं पोटाचं आणि डोक्याचं मांस, आणि त्याच कढईत शिजलेली ताजी रक्ताची व लिव्हरची सॉसेज. अकराच्या आसपास म्हातारी मंडळी झाकणाचे डबे घेऊन रांगेत असतात, कारण कढईतलं सूपही नेता येतं. बारानंतर गेलात तर काहीच उरलेलं नसतं. बुधवारी दुपारनंतर दुकान बंद. गुरुवारी कच्च्या ब्राटवुर्स्टचा, म्हणजे भाजून खायच्या सॉसेजचा, ताजा घाणा. शुक्रवारी धुराच्या खोलीतून बाहेर आलेला माल काउंटरच्या मागच्या दांड्यांवर टांगलेला दिसतो. शनिवारी दुपारी बारापर्यंतच, आणि रविवारी तर देशभर दुकानं बंदच. गावागणिक वार बदलतील, पण प्रत्येक दुकानाचा असा एक क्रम असतो आणि विचारलं की आनंदाने सांगतात.

हा क्रम मालकाच्या लहरीवर ठरत नाही. जर्मन सॉसेजचे ढोबळ तीन प्रकार. पहिला कच्च्या मांसाचा: मीठ लावून, धुरी देऊन, वाळवून टिकवलेला. दुसरा कच्चं मांस बर्फासोबत अगदी बारीक वाटून, आतड्यात भरून गरम पाण्यात शिजवलेला किंवा साच्यात भाजलेला. बारीक लांबट वीनर, चकत्या करून खायचं जाड लिओनर, साच्यात भाजलेलं लेबरकेस हे सगळे यातले. तिसरा आधी शिजवलेल्या मांसापासून केलेला, जसं लिव्हरचं आणि रक्ताचं सॉसेज. तिसरा प्रकार कत्तलीला लागूनच करावा लागतो, कारण रक्त आणि लिव्हर थांबत नाहीत. दुसऱ्याला थंडगार मांस आणि बर्फ हवा. वाटताना मिश्रण तापलं की चरबी सुटते आणि सॉसेज रवाळ, कोरडं होतं. पहिल्याला मात्र दिवस, आठवडे लागतात. हे एकदा कळलं की काउंटरवर काय मागायचं ते आपोआप कळतं.

फ्रांकनची ब्राटवुर्स्ट सगळ्यांना माहीत असते ती न्यूर्नबर्गची, सात ते नऊ सेंटिमीटरची, वीस-पंचवीस ग्रॅमची बुटकी. ते नाव 2003 पासून युरोपीय संघात संरक्षित आहे आणि न्यूर्नबर्ग शहराबाहेर केलेल्या सॉसेजला ते लावता येत नाही. आमच्याकडची गावठी ब्राटवुर्स्ट तिच्याहून मोठी, जाडसर दळलेली, मार्जोरम या सुगंधी पाल्याचा वास ठळक असलेली. गुरुवारी घेऊन त्याच संध्याकाळी मंद आचेवर, थेंबभर तेलात, झाकण न ठेवता भाजली की आतड्याचा पापुद्रा कुरकुरीत होतो आणि आतलं मांस रसदार राहतं. दातांना मांसाचे तुकडे वेगवेगळे लागतात. पाकिटातल्या सॉसेजमध्ये ही गंमत मिळत नाही, कारण ती आधीच शिजवून बंद केलेली असतात. तेच सॉसेज मी शनिवारी घेते तेव्हा दुकानातही ते उकडलेलंच मिळतं. कच्चं फार थांबवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. घरी आणल्यावर त्याच दिवशी खा, नाहीतर लगेच फ्रीजरमध्ये टाका. इथले लोक ब्राटवुर्स्टचं कच्चं मिश्रण पावावर लावून कांद्याबरोबर खातात. मी चाखलं आहे, चव छान आहे. पण लहान मुलांना आणि गरोदर बायकांना ते देऊ नका.

वीनरबद्दल एक गोष्ट काउंटरवरच्या बाईंनी मला पहिल्याच महिन्यात बजावून सांगितली: पाणी उकळायचं नाही. पातेल्यात पाणी उकळी येईपर्यंत तापवायचं, गॅस बंद करायचा, सॉसेज सोडायचं आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं. वीनर मेंढीच्या बारीक आतड्यात भरलेलं असतं. उकळत्या पाण्यात ते आतडं फाटतं, रस पाण्यात जातो आणि उरतो तो चोथा. नीट गरम केलेलं वीनर दोन्ही हातांनी वाकवून मोडलं तर टचकन आवाज होतो आणि कापल्या जागी रसाचे थेंब उभे राहतात. त्या दुकानातलं वीनर असं प्रत्येक वेळी मोडलं आहे, आणि ही साधी परीक्षा मी कुठल्याही नव्या दुकानात करते.

माझं मन मात्र धुरावलेल्या मालात अडकलेलं आहे. बाउअर्नझॉयफ्त्सर म्हणून इथे एक सॉसेज मिळतं: ब्राटवुर्स्टचंच जाड मिश्रण, पण मीठ लावून बीच झाडाच्या लाकडाच्या भुशाच्या धुरात ठेवलेलं. जोडीजोडीने दांड्यावर लटकतं, कातडी सुरकुतलेली, रंग तांबूस तपकिरी. नवं असताना मऊ असतं, ते गरम पाण्यात शेकून खायचं. आठवडाभर थंड जागी टांगलं की घट्ट होतं, मग तसंच कापून. मी दोन्ही तऱ्हांनी खाल्लं आहे आणि अर्धवट वाळलेलं, साधारण चौथ्या-पाचव्या दिवसाचं मला सगळ्यांत आवडतं. बारीक चकत्या करून कांदा, बटाटा आणि आमच्या वसईकडच्या बाटली मसाल्यात परतलं की चोरिसची आठवण बरीचशी भागते. आंबटपणा विनेगरच्या चमचाभर शिडकाव्याने येतो.

एकदा मालकांनी मला धुराची खोली दाखवली. आत भिंती डांबरासारख्या काळ्या, आणि खाली भुसा नुसता धुमसत असतो, ज्वाळा मुळीच नाही. हॅमसाठी मांसाला आधी कित्येक आठवडे मीठ चोळून ठेवतात, मग पंचवीस अंशांच्या आतल्या थंड धुरात अनेक वेळा टांगतात. मीठ म्हणजे नेहमीचं खाण्याचं मीठ नव्हे. त्यात साधारण अर्धा टक्का नायट्राइट असतं. त्यानेच रंग गुलाबी राहतो आणि घातक जंतूंना आळा बसतो. ज्यांना ते नको आहे त्यांनी गेल्बवुर्स्ट मागावं: आतून पांढरं, बाहेरून पिवळं, सौम्य चवीचं, आणि पारंपरिक पद्धतीने साध्या मिठात केलेलं. लहान मुलं आईबरोबर दुकानात आली की त्यांच्या हातावर याचीच एक चकती ठेवतात.

धुरावलेल्या बरगड्या आणि पोटाचा तुकडा आठवड्याला एकदा तरी मी आमटीत घालते. वालाच्या नाहीतर मसुराच्या आमटीत तो तुकडा तेच काम करतो जे भाजीत सुक्या बोंबलाचं असतं. फक्त मीठ शेवटी चाखून घाला, बहुतेक वेळा लागतच नाही. तुकडा आधी अर्धा तास पाण्यात भिजवलात तर आणखी बरं.

आता आपल्या लोकांसाठी सगळ्यांत महत्त्वाचं. गोमांस न खाणाऱ्या मित्रमैत्रिणींना वाटतं की सॉसेज म्हणजे डुक्करच. तसं नाही. वीनर, लिओनर, लेबरकेस यांत अनेकदा डुकराबरोबर गाईबैलाचं मांस असतं, वाइसवुर्स्ट या पांढऱ्या सॉसेजमध्ये वासराचं, आणि गेल्बवुर्स्टमध्येही ते असू शकतं. त्स्वेचगेनबामेस हा बांबर्गकडचा धुरावलेला, वाळवलेला, कागदासारखा पातळ कापायचा प्रकार तर पूर्ण गाईबैलाचाच. बव्हेरियातल्या लेबरकेसमध्ये नावात ‘लेबर’ म्हणजे लिव्हर असलं तरी प्रत्यक्षात ते नसतं. पाकिटामागच्या बारीक अक्षरांशी झटण्यापेक्षा इथे एकच वाक्य पुरतं: «इस्ट दा रिंड द्रिन?», म्हणजे यात गाईबैलाचं मांस आहे का? बाई मागच्या खोलीत जाऊन विचारून येतात किंवा वही उघडून दाखवतात. मोहरी, सेलरी यांसारख्या चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती सुट्या मालाच्या बाबतीतही देणं 2014 च्या डिसेंबरपासून बंधनकारक आहे, त्यामुळे विचारण्यात संकोच करू नका. माझ्या एका शेजारणीला सेलरी चालत नाही. तिला बाईंनी स्वतःहून कुठलं सॉसेज चालेल ते लिहून दिलं. मांसाचा व्यवहार करताना समोर असं उत्तर देणारं माणूस असणं मला फार मोलाचं वाटतं, आणि ते जास्तीचे पैसे मी मुख्यतः यासाठी देते.

या माणसाच्या मागे बरंच शिक्षण असतं. तीन वर्षांची उमेदवारी, मग माइस्टरची, म्हणजे उस्ताद कारागिराची, परीक्षा, आणि दुकान चालवायचं तर मालक नाहीतर कामावरचं कुणीतरी माइस्टर असावंच लागतं. तरुण मुलं या धंद्यात फारशी येत नाहीत, दुकानं भराभर बंद होत आहेत. आमच्या शेजारच्या दोन गावांत आता मेट्सगेराई उरलेली नाही, एका ठिकाणी सॉसेजचं यंत्र ठेवलं आहे, चोवीस तास चालणारं. नैर्ऋत्येला बाडेनकडे तर भारतातून मुलंमुली हे काम शिकायला येऊ लागली आहेत. ही बातमी मी काउंटरवर सांगितली तेव्हा मालकांनी खूप चौकशी केली. त्यांच्याकडेही उमेदवार नाही.

तक्रारी आहेत, आणि त्या लहान नाहीत. नोकरी करणाऱ्याला या वेळा जाचक आहेत. मी घरून काम करते म्हणून जमतं. वीस युरोंच्या आत कार्ड घेत नाहीत. प्रेसझाक, म्हणजे डोक्याच्या मांसाचं थंड घट्ट बसवलेलं सॉसेज, या दुकानात फारच खारट असतं. लाल प्रेसझाकमध्ये रक्त असतं, आणि आपल्याकडची रक्ती आवडणाऱ्यांना ते आवडावं. पण इथल्या मिठामुळे मी पांढरंही आता दुसऱ्या गावातून घेते, विनेगर-कांद्याबरोबर खायला. तिखट म्हणून जे विकतात त्यात मिरीपलीकडे काही नसतं. ऑगस्टमध्ये दुकान सलग तीन आठवडे सुट्टीवर जातं, तेव्हा जुलैअखेरीस धुरावलेला माल हवाबंद पिशवीत भरून घ्या; ते पैसे न घेता भरून देतात. बोली सुरुवातीला जड जाते. «अ वेंग मेअर?» म्हणजे थोडं जास्त झालं तर चालेल का, एवढं कळलं तरी काम भागतं. चालणार नसेल तर स्पष्ट नाही म्हणा, कुणाला राग येत नाही.

आणि चोरिस. हिवाळ्यात मी धीर करून मालकांना विचारलं की खांद्याचं मांस यंत्रात न घालता हाताने बोटाच्या पेराएवढं कापून मिळेल का, सोबत पाव किलो पाठीची चरबी आणि डुकराचं आतडं. त्यांनी का, कसं, किती मीठ, सगळं विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी माल बांधून ठेवला. आतडं मिठात मुरवलेलं मिळतं. कोमट पाण्यात तासभर भिजवून आतूनही पाणी सोडून धुवायचं. माडाचं विनेगर इथे नाही, मी सफरचंदाचं वापरते. काश्मिरी मिरच्या, लसूण, आलं, मिरी, लवंग, दालचिनी, हळद. मांस दोन दिवस फ्रीजमध्ये मुरू द्यायचं, मग भरायचं आणि बोटभर अंतरावर दोऱ्याने बांधायचं. घरच्या बाल्कनीत टांगून वाळवू नका. आपल्याकडचं ऊन इथे नाही, आणि नायट्राइटशिवाय दमट थंडीत कच्चं मांस टांगणं धोक्याचं आहे. मी भरून झाल्यावर थेट फ्रीजरमध्ये ठेवते आणि लागेल तसं नीट शिजवते. धूर हवा म्हणून भाजीत बाउअर्नझॉयफ्त्सरची एक चकती टाकते. मालकांना चार सॉसेज नेऊन दिली होती. त्यांनी मिरचीबद्दल काही म्हटलं नाही, विनेगर मात्र पसंत पडलं, आणि पुढच्या घाण्यासाठी मांस कुठल्या वारी घ्यावं ते त्यांनीच सांगितलं: मंगळवारी दुपारी, कढईचं काम उरकल्यावर.